ठकूबाईचा मेंढा

माणदेशातल्या आमच्या खडकवस्तीचं मटण आज चार तालुक्यांत नावाजलेलं आहे. पण आमच्या पणज्याच्याही पणज्याच्या आधी एक काळ असा होता, की पाहुणे इथल्या जत्रेत जेवायचे आणि घरी जाऊन दात धरून बसायचे. त्या काळी वस्तीवर ठकूबाई नावाची धनगरीण होती. कोकराच्या पाठीवर नुसता हात ठेवून ती त्याचा आजा-पणजा सांगायची, असं म्हणतात.

मटण चिवट का, तर सगळे माळाच्या गवताला बोल लावायचे. ठकूबाईला ते पटेना. एकाच माळावर चरलेली दोन कोकरं, एकाचं मटण मऊसूत आणि दुसऱ्याचं चामड्यासारखं, हे कसं? मग जिथं मेंढरू कापलं जाई तिथं ती जाऊन बसे आणि त्याचा बाप कोण ते विचारी. बीजाच्या, म्हणजे पैदाशीसाठी राखलेल्या, प्रत्येक मेंढ्याच्या नावाचा एक लोकरीचा दोरा तिनं केला. पोराचं मटण मऊ निघालं, की बापाच्या दोऱ्यात एक गाठ. बारा वर्षांत ते दोरे एवढे झाले, की माणगंगेच्या या काठापासून त्या काठापर्यंत पुरले असते, असं म्हणतात. आणि तिच्या ध्यानात आलं, की भरपूर गाठींचे मेंढे केव्हाच कापले गेले होते.

त्या वर्षी पंचांनी रिवाजाप्रमाणं बिरोबाला द्यायला सगळ्यात चांगला मेंढा निवडला. तो नेमका ठकूबाईचा निघाला. तिनं सरळ नाही म्हटलं. देवाला नाही म्हणणारी बाई वस्तीनं तोवर पाहिली नव्हती. पंचांनी सांगितलं, मेंढा दे, नाहीतर वस्ती सोड.

ठकूबाई म्हणाली, "दरसाली चांगला तेवढा कापता आन् मरतुकडा बीजाला ठेवता. मग चांगलं यायचं कुठनं? दोष गवताचा न्हाई, रक्ताचा हाय. तीन जत्रा थांबा. ह्याच्या पोरांचं मटण चिवट निघालं, तर मी माझ्या पायानं जाईन."

पंच थांबले, पण देवाचा कोप होईल म्हणून तीन वर्षं तिच्याशी कुणी बोललं नाही. तिसऱ्या जत्रेला त्या मेंढ्याच्या पोरांचं मटण रांधलं. पंचांतले सगळ्यात म्हातारे बाळू शेंडगे, तोंडात एकही दात नाही, सहा वाट्या जेवले आणि जेवता जेवता रडले. देवळातली घंटा तेव्हा कुणी न हलवता वाजली, असं म्हणतात. बाळू उठले, तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाले, "ठके, आता तू म्हणशील तोच मेंढा कापायचा."

आजही जत्रेत निवडलेला पहिला मेंढा आम्ही कापत नाही. पुजारी त्याला भंडारा लावतो आणि विचारतो, हा कुणाचा? सगळी वस्ती एका आवाजात सांगते, ठकूबाईचा. मग तो बीजासाठी कळपात जातो आणि देवाला दुसरा मिळतो. बिरोबानं आजवर तक्रार केलेली नाही.