वळणावरची तांबडी पट्टी

"म्हणजे नवं संशोधन बी.एस्सी.च्या वर्गात न्यायचंच नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

आबनावे सर काहीच म्हणाले नव्हते. ते ओसरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते.

प्रश्न विचारणारे डॉक्टर तांबवेकर हे त्यांचेच जुने विद्यार्थी. ज्या कॉलेजात सरांनी एकतीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, तिथेच आता तांबवेकर शिकवतात. माणूस हुशार. आणि आपण हुशार आहोत हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही.

शनिवारी त्यांना तास नसतो. म्हणून सकाळीच आले होते. हातात मुलांच्या जर्नलांचा गठ्ठा, खिशात राजीनामा. एका मोठ्या संशोधन संस्थेने त्यांना बोलावलं होतं. सोमवारी राजीनामा द्यायचा की फाडून टाकायचा, एवढंच ठरायचं होतं.

ते सल्ला घ्यायला आले होते असंही नाही. सरांनी "जा" म्हणावं, म्हणून आले होते.

तक्रार अशी होती. सोनकड्याच्या घाटात लाव्हाचा एक थर, त्यावर तांबड्या मातीची पट्टी, त्यावर पुन्हा लाव्हाचा थर, अशी रचना आहे. पट्ट्या नीट मोजल्या की थर किती ते कळतं. तांबवेकरांनी चार वर्षं तिथे काम केलं, सहा थर नोंदवले, प्रत्येकाचं वय काढलं. गेल्या वर्षी तो लेख परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला. त्याच्या झेरॉक्स काढून त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात वाटल्या. मग सहल काढून मुलांना घाटातल्या देवळासमोर उभं केलं आणि थर मोजायला सांगितले.

"मोजलेच नाहीत, सर. एकजात सगळ्यांनी माझा लेख उतरवून काढला. छपाईत एक आकडा चुकला होता, तोसुद्धा उतरवला."

सरांना हसू आलं. तांबवेकरांना ते आवडलं नाही.

"एकीने तेवढं मोजलं. तर तेही चूक."

"हं..."

"या मुलांचा संशोधनाशी काही संबंध नाही, सर. मी माझा वेळ घालवतोय."

सरांनी हात पुसले आणि गठ्ठा पुढ्यात ओढला. एकेक जर्नल उघडून ते सावकाश वाचू लागले. आतून चहा आला. तो प्यायचं कोणाला सुचलं नाही. सगळ्या जर्नलांत तेच सहा थर, तीच वाक्यं, तोच चुकलेला आकडा.

एका जर्नलापाशी सर थांबले.

"ही मुलाणी कोण?"

शबाना मुलाणी. घाटातल्याच एका वाडीतून येते, दीडच्या बसने परत जाते, वर्गात तोंड उघडत नाही. तांबवेकरांच्या मते मुलगी साधारण होती. हीच ती मोजण्यात चुकलेली.

तिने थर लिहिले होते सात. त्यावर तांबवेकरांनी लाल शाईची रेघ ओढली होती, शेजारी ठसठशीत सहा लिहिलं होतं आणि दोन गुण कापले होते. रेघेच्या खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, तिने एक टीप लिहिली होती. देवळाच्या पुढच्या वळणावर रस्ता रुंद करताना डोंगर कापलाय, तिथे खालून दुसऱ्या थरात आणखी एक तांबडी पट्टी आहे. बसमधून रोज दिसते.

"हे वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

"लेखात सहा आहेत, सर."

"लेखाचं काम कधी संपलं?"

"दोन वर्षं झाली."

"आणि रस्ता कधी कापला?"



"या दिवाळीनंतर..."

"बघून आलास?"

नव्हते आले. पण त्यांनी कारणं दिली, आणि ती काही वाईट नव्हती. यंत्राने डोंगर कापला की वरची माती खाली ओघळते, दगडाला तांबडा लेप बसतो, नवख्या माणसाला त्याचीच पट्टी वाटते. शिवाय पोरगी धावत्या बसमधून बघणार. अशा बघण्यावर कोण विश्वास ठेवील?

"असेलही तसं," सर म्हणाले. त्यांना ते खरंच पटलेलं दिसलं.

मग म्हणाले, "तुझी ती खाण आठवते?"

न आठवायला काय झालं? ती गोष्ट तांबवेकर प्रत्येक भाषणात सांगत. दुसऱ्या वर्षाला असताना, गावाबाहेरच्या दगडखाणीत सरांच्या टिपणांपेक्षा एक थर जास्त आहे, असं त्यांनी भर वर्गात उभं राहून सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सर हातोडा घेऊन सायकलवरून खाणीवर हजर. भर उन्हात दोघं दुपारपर्यंत दगड फोडत बसले. माझं संशोधन तिथून सुरू झालं, असं तांबवेकर म्हणत आणि थांबत. पुढचं काही ते सांगत नसत.

"काय निघालं होतं तिथे?" सरांनी विचारलं.

"...वरून घसरलेली माती होती, सर."

"चिडलो होतो मी?"

"नाही. तुम्ही म्हणालात, आता आलोच आहोत तर पलीकडचा कडाही बघू."

तांबवेकरांना लाज वाटत होती. त्यांनी शबानाचं जर्नल उचललं आणि स्वतःचीच लाल रेघ पाहत राहिले. सरळ, पट्टी लावून ओढलेली रेघ होती.

"तिचं बरोबर निघालं तर सर, माझा लेख..."

"दुरुस्त करावा लागेल."

"आणि चूक निघालं तर?"

सरांनी शेंगांची परडी पुन्हा मांडीवर घेतली. एक शेंग सोलली, दुसरी सोलली.

घड्याळात पाऊण वाजला होता. तांबवेकरांनी जर्नलांचा गठ्ठा बांधला. चपला घातल्या. पायरीवर थांबून त्यांनी खिशातला कागद चाचपला.

"आणि राजीनाम्याचं काय करू?"

"दीडची बस गाठ," सर म्हणाले. "ती म्हणेल तिथे उतर."