जावईबापूंनी आणलेलं मलम

डोंगराच्या कुशीतल्या हिवरखेड्यात एक भोळा घरजावई राहत होता. नाव गेनबा. अंगानं धट्टाकट्टा, मनानं निर्मळ. सांगितलेली गोष्ट तो कधी म्हणून विसरायचा नाही. सगळे घोटाळे या न विसरण्यातूनच व्हायचे.

सासरे कोंडाजीराव भला माणूस. गेनबा त्यांना मामा म्हणायचा. जावई कितीही चुकला तरी त्याच्यावर ओरडायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून मामा आवंढा गिळायचे आणि गोड आवाजात म्हणायचे, "जावईबापू, शहाणी माणसं असं करत न्हाईत." मग शहाणी माणसं काय करतात ते सांगायचे. गेनबा मान डोलवायचा. "बरं मामा. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवायचा.

धाकट्या लेकीचं, सुगंधाचं, लग्न तोंडावर आलं आणि मामांना मूळव्याध झाली. मामा उभ्यानं चहा प्यायला लागले. उभ्यानं जेवायला लागले. लोक म्हणायचे, लेकीच्या लग्नाची केवढी धांदल बघा! धांदल कसली, बिचाऱ्याला बसताच येत नव्हतं.

आणि कन्यादान तर पाटावर बसून करायचं. विधी संपेपर्यंत बापानं पाट सोडायचा नाही. सोडला तर व्याही तात्यासाहेब रुसणार. हा माणूस एकदा पानात मीठ उजवीकडं वाढलं म्हणून भरल्या पंगतीतून उठला होता. आणि पाट का सोडला ते कळलं, तर गाव वर्षभर हसणार. घरातल्या बायकांना सांगायची मामांना लाज वाटत होती. पुरुषमाणूस दुसरा एकच होता.

मामांनी त्याला गोठ्यामागं नेलं. "जावईबापू, बाजारच्या गावाला जा. मेडिकलातनं मूळव्याधीचं मलम आणा. पण कुणाला कळता कामा न्हाई."

"बरं मामा."

मेडिकलात एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "काय हवंय?"

"मलम."

"कशावर?"

"ते कळता कामा न्हाई."

"अहो, मलमं सतरा तऱ्हेची असतात. खरजेचं वेगळं, भाजल्याचं वेगळं, टाचांच्या भेगांचं वेगळं. होतंय तरी काय?"

"उठताबसता जीव जातो."

बाईंना वाटलं, गुडघे. त्यांनी गुडघ्याला चोळायचं मलम दिलं. चोळलं की गरम होणारं.

मामांनी ते लावलं. घटकाभर काही झालं नाही. मग मामा न्हाणीतून जे सुटले ते थेट बैलांच्या हौदात जाऊन बसले. बैल बाजूला सरकले. मामी दारातून बघत होत्या. बऱ्याच दिवसांनी धनी निवांत बसलेले पाहून त्यांना बरं वाटलं.

गेनबा हौदाशी आला. मामांनी आवंढा गिळला. "जावईबापू, शहाणी माणसं असं करत न्हाईत. औषधाच्या बाबतीत शहाणी माणसं लाजत न्हाईत. ज्याला त्यातलं कळतं, त्याला मोकळेपणानं विचारत्यात."

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

आता यातलं कळतं कुणाला? बाईंना तर कळलं नव्हतं. गावात रिटायर झालेले एक फौजदार होते, दाजीकाका. मिशा अजून पोलिसात असल्यासारख्या. ते पारावर पत्ते खेळत होते. गेनबा समोर उभा राहिला आणि मोकळेपणानं म्हणाला, "काका, तुमाला मूळव्याध हाय न्हवं? तुमी काय लावता?"

पत्ते थांबले. काकांनी गेनबाच्या दंडाला धरून त्याला फरफटत घरी नेलं, कोनाड्यातली ट्यूब त्याच्या हातात कोंबली आणि दार लावून घेतलं. कुणासाठी हवी, हे विचारायचं भानही त्यांना राहिलं नाही.

ट्यूब शेपटाकडून गुंडाळत निम्म्यावर आलेली होती. तोंडाशी बोटांचे ठसे होते. मामांनी ती दोन बोटांत धरून उकिरड्यावर भिरकावली.

"जावईबापू, शहाणी माणसं असं करत न्हाईत. दुसऱ्याच्या अंगाला लागून उरलेलं आपल्या घरात आणू नये. कुणी दिलंच, तर वाटेत टाकून मोकळं व्हावं."

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

"आता असं करा. त्याच बाईंकडं जा. नवं कोरं, सीलबंद, मूळव्याधीचंच मागा. आन् लावायचं कसं ते विचारून या."

गेनबानं अगदी तसंच केलं. बाईंनी मलम दिलं आणि समजावून सांगितलं, "कोमट पाण्यानं जागा धुवायची. मऊ फडक्यानं टिपून कोरडी करायची. मग मुगाच्या दाण्याएवढंच मलम, हलक्या हातानं. तिखट बंद, पाणी भरपूर. आठवडाभरात उतार पडला नाही, किंवा रक्त दिसलं, तर मलमावर विसंबू नका. डॉक्टरला दाखवा."

घरी येऊन गेनबानं शब्दन् शब्द सांगितला. वर मापाला म्हणून मुगाचा एक दाणाही दिला. मामांनी सगळं नेमानं केलं. हळूहळू ठणका गेला. एका सकाळी मामा भीतभीत पाटावर टेकले. टेकले ते टेकलेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीचं कन्यादान आता आपल्या हातून नीट होणार! त्यांनी गेनबाच्या पाठीवर थाप मारली.

त्याच दिवशी मामी म्हणाल्या, "जावईबापू, मांडवासमोरची भिंत तेवढी चुन्यानं रंगवून घ्या."

गेनबानं कोमट पाण्यानं भिंत धुतली. मऊ फडक्यानं टिपून टिपून कोरडी केली. मग हलक्या हातानं मधोमध मुगाच्या दाण्याएवढा चुना लावला आणि उतार पडायची वाट बघत बसला.

मामांनी भिंतीकडं बघितलं, गेनबाकडं बघितलं आणि आवंढा गिळला. "जावईबापू, शहाणी माणसं असं करत न्हाईत. लगीनघरात हात आखडता घेऊ नये. जे करायचं ते सढळ हातानं करावं."

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

हळदीचा दिवस आला. वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. आधी नवरदेवाला हळद लागते आणि तीच उरलेली, उष्टी हळद नवरीला लावतात. ती आणायचा मान गेनबाला मिळाला. वरमाईंनी वाटी त्याच्या हातात दिली.

"नवी कोरी हाय का?" गेनबानं विचारलं.

"इश्श! नवी कशी असंल? आमच्या बाळासाहेबाच्या अंगाला लागून उरलेली हाय."

गेनबा गंभीर झाला. वाटेत ओढा लागला. तिथं तो वाटी पालथी करून मोकळा झाला.

इकडं नवरी पाटावर बसून. सवाष्णी वाट बघताहेत. रिकामी वाटी पाहून मामी मटकन खाली बसल्या. मामांनी गुपचूप दुसरी हळद कालवून वेळ मारून नेली. मग गेनबाला पुन्हा गोठ्यामागं नेलं. या वेळी आवंढा बराच मोठा होता.

"जावईबापू, शहाणी माणसं असं करत न्हाईत. लग्नात एकाच्या अंगाला लागून उरलेलं टाकायचं नसतं. ते तबकात ठेवून, वर रुमाल झाकून, वाजतगाजत दुसऱ्या घरी पोचवायचं असतं. मान असतो त्यो!"

"बरं मामा. ध्यानात ठेवतो."

लग्नाच्या सकाळी मामांनी शेवटचं मलम लावलं. अंगात नवा सदरा, डोक्याला फेटा. बाहेर सनई सुरू झाली. जाता जाता त्यांनी ट्यूब गेनबाच्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "बरंच उरलंय. याचं काय करायचं ते आता तुमाला सांगाया नको."

"नको मामा. ध्यानात हाय."

कन्यादान सुरू झालं. मामा पाटावर ताठ बसले होते. चेहऱ्यावर दुखण्याची रेघ नाही. गुरुजी मंत्र म्हणत होते, हातांवर पाण्याची धार पडत होती. तात्यासाहेब बाजूच्या लोडाला टेकून बघत होते. एक उणं निघालं नव्हतं.

तेवढ्यात मांडवाच्या दारातून वाजंत्री आत आली. मागून गेनबा. हातात तबक, तबकावर रुमाल. तो थेट तात्यासाहेबांसमोर जाऊन वाकला. रुमाल काढला. तबकातल्या वाटीत पांढरंशुभ्र, सढळ हातानं पिळलेलं काहीतरी होतं. कडेनं कुंकू आणि अक्षता.

आपला असा वाजतगाजत मान बघून तात्यासाहेब फुलून गेले. त्यांनी दोन बोटं वाटीत बुडवली आणि कपाळावर रुंद पट्टा ओढला. उरलेलं मिशांना लावलं. मग वाटी भावांकडं दिली. भावांनीही लावलं. चुलत्यांनी लावलं.

"थंड वाटतंय," तात्यासाहेब म्हणाले. "चंदन का?"

वाजंत्री थांबली.

"न्हाई तात्यासाहेब," गेनबा मोकळेपणानं म्हणाला. "मूळव्याधीचं मलम. आमच्या मामांच्या अंगाला लागून उरलेलं."

मामांना वाटलं, उठावं आणि डोंगरात पळून जावं. पण पाट सोडायचा नव्हता आणि पाण्याची धार चालू होती. त्यांनी पाटावरूनच गेनबाकडं बघितलं. आवंढा काही केल्या गिळवेना.

गेनबाला त्यांची घालमेल दिसली. त्यानं लांबूनच हात वर करून धीर दिला.

"मामा, तुमी निवांत बसा! पुरुषांचं झालंय. आता वरमाईंकडं नेतो."