सातव्या घडीचा खोकला

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा. लहानांना सूट नाही, मोठ्यांना तर नाहीच.

फार फार वर्षांपूर्वी, आपल्याकडे अंधार असतो तेव्हा जिथं सूर्य उगवून शिळा झालेला असतो, तिकडं जपानच्या बाजूला समुद्रात एक बेट होतं. तिथल्या माणसांची नावं माझ्या जिभेला वळत नाहीत, म्हणून मी आपली ठेवलीत. कुणाची हरकत असेल तर त्यानं तिकडं जाऊन विचारून यावं.

त्या बेटावर आधी कागद नव्हता. पश्चिमेकडून होडीत बसून भिक्षू आले, त्यांनी पोथ्या आणल्या आणि कागद कसा करायचा तेही आणलं. झाडाची साल भिजवायची, कुटायची, पाण्यात कालवायची आणि चाळणीवर धरायची. एवढ्या खटाटोपातून हातभर कागद. तो काय मिरच्यांच्या पुड्या बांधायला वापरतील? कागद देवाच्या कामाला, नाहीतर लग्नकार्याला. त्याला कात्री लावायची नाही, खळ लावायची नाही. नुसत्या घड्या. घड्यांतूनच पक्षी, घड्यांतूनच फूल.

लग्नात तिकडं नवरानवरी एकाच बुधल्यातली तांदळाची दारू घोट घोट पितात. तोंडं वाकडी करू नका, त्यांची रीत आहे. त्या बुधल्याच्या गळ्याला कागदाची दोन फुलपाखरं बांधायची. एक नवऱ्याकडचं, एक नवरीकडचं. घरात घडी येणारं माणूस असेल तर त्यानंच आपल्या हातानं करायचं, नसेल तर घडीवाल्याला बोलवायचं. फुलपाखरू चुकलं तर लग्न लागलंच नाही, असं धरायचे.

आणि ही फुलपाखरं साऱ्या बेटावर एकाच घराला यायची. बापानं मुलाला दार लावून शिकवायचं, बुधल्याला बांधतानाही वरून रुमाल टाकायचा, त्यामुळं फुलपाखरू दिसतं कसं ते करणाऱ्याशिवाय कुणी बघितलेलं नव्हतं. त्या घरातल्या माणसाला आपण घडीबुवा म्हणू. त्यांना मुलगा नव्हता, एक लेक होती, आणि लेकीला शिकवायची त्या घराची रीत नव्हती.

एक घर आणि सारं बेट. मुलींच्या वेण्या पिकायला लागल्या तरी बुवांची पाळी मिळेना. तिथला राजा म्हातारा ब्रह्मचारी होता, त्यामुळं त्याला दुसऱ्यांच्या लग्नाची फार काळजी. त्यानं दवंडी पिटवली. गावागणिक एक पोर घडीबुवांकडे पाठवा. तीन हिवाळ्यांत बुवांनी त्यांना घडीचा इतिहासही सांगायचा आणि घडीही शिकवायची.

बुवांना जेवण गेलं नाही.

बायको म्हणाली, "शिकवा की. बोटं काय झिजणारेत?"

"तुला काय कळतंय. उद्या गावोगाव फुलपाखरं व्हायला लागली तर आपल्या दारात कोण येईल?"

"मी येते की रोज. मला झाडायचं असतं."

राजाला नाही म्हणता येत नव्हतं. मग बुवांनी ठरवलं, शिकवायचं. सगळं शिकवायचं, एक सोडून.

फुलपाखराला घड्या आठ. सहा घड्या बुवांनी पोरांना अगदी मनापासून शिकवल्या. कोपऱ्याला कोपरा कसा जुळवायचा, नखानं घडी कशी दाबायची, सगळं. सातवी घडी खरी म्हणजे आत वळवायची. ती आत गेली की पंख आपोआप वर उचलले जातात, आता उडतंय की काय असं वाटतं. बुवांनी पोरांना ती बाहेर वळवायला सांगितली. मग पंख खाली पडायचे.

पण झालं काय, बुवांची बोटं चाळीस वर्षं खरीच घडी घालत आलेली. बुवांच्या मनात खोटं होतं, बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोरांसमोर सातवी घडी आली की बोटं सरळ आत वळवून मोकळी. मग बुवा हात अंगरख्याच्या रुंद बाहीत घालायचे, आतल्या आत ती घडी उलगडायचे आणि खोटी घालून बाहेर काढायचे. उलगडताना कागद वाजायचा. तो ऐकू जाऊ नये म्हणून मोठ्यानं खोकायचे.

पोरं हुशार होती. त्यांनी सगळं टिपून घेतलं.

त्यात एक कुंभाराची पोर होती, आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. तिला भिंगरी म्हणू. ती म्हणाली, "बुवा, याचे पंख पडलेत."

"पडले नाहीत. बसलंय ते."

"फुलपाखरू बसलं तरी पंख वरच असतात. आमच्या मुळ्याच्या वाफ्यात येऊन बघा."

बुवांनी जरा कपाळ पुसलं. मग म्हणाले, "मुळ्यातलं वेगळं, लग्नातलं वेगळं. लग्नात पंख उचललेलं लावलं तर नवरी आठ दिवसांत माहेरी उडून येते. माझ्या पणजोबांच्या वेळेस अशा बारा आल्या होत्या."

पोरांनी आ वासला. हाही इतिहासच समजून त्यांनी पाठ केला.

भिंगरीचं अजून संपलं नव्हतं. "आणि ही रेघ कसली? तुमच्या फुलपाखराच्या पंखावर एक रेघ जास्त आहे. आमच्यावर नाही."

"म्हाताऱ्याच्या हातचा कागद. सुरकुती पडते."

भिंगरी आपली घडी दाबायला लागली. पण ती रेघ तिनं ध्यानात ठेवली.

तीन हिवाळे झाले, पोरं आपापल्या गावी गेली. ती मोठी झाली, त्यांनी दुसरी पोरं हाताशी धरली. गावोगाव फुलपाखरं झाली, वरचा रुमाल गेला, लग्नं धडाधड लागली. कुठल्याही गावात जा, घडी शिकणारी पोरं ओळीनं बसलेली, सहा घड्या होईपर्यंत चिडीचूप, आणि सातवीला सगळ्यांचे हात बाहीत आणि सगळी एकदम खोकायची. ज्याला खोकला येत नसे त्याला गुरुजी पुन्हा करायला लावायचे. पणजोबांच्या गोष्टीतल्या माहेरी परत आलेल्या नवऱ्याही सांगता सांगता बाराच्या एकशे वीस झाल्या होत्या.

बुवा अशी लग्नं बघून घरी यायचे आणि बायकोला सांगायचे, "सारं बेट खोट्यावर चाललंय. खरं फुलपाखरू एकट्या माझ्याकडं आहे. नातीच्या लग्नात काढीन, तेव्हा बघशील सगळ्यांची तोंडं."

"मला तरी कुठं दाखवलंय ते," बायको म्हणायची.

"तेव्हाच बघशील."

तीस वर्षं अशी गेली. बुवांच्या नातीचं लग्न ठरलं ते नेमकं भिंगरीच्या गावात. भिंगरी आता त्या गावची घडीवाली. नवऱ्याकडचं फुलपाखरू तिनंच केलेलं, पंख खाली, नीट बसलेलं.

मांडव भरला. सूर्य मावळायच्या आत घोट घ्यायचे असा मुहूर्त. बुवांनी लाकडी पेटी उघडली आणि आपल्या हातचं फुलपाखरू काढलं. पंख वर उचललेले. असं सुरेख की जवळच्या चारदोन माणसांनी श्वास धरला. बुवांनी मान ताठ केली.

नवऱ्याची आजी कमरेत वाकलेली, पण नजर शाबूत. ती पुढं आली, तिनं फुलपाखरू हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"काय म्हणता आजीबाई?"

"पंख वर? लग्नात? पोर उद्या उडून माहेरी येईल. तुमच्याच पणजोबांच्या वेळेस एकशे वीस आल्या होत्या ना?" आणि तिनं ते फुलपाखरू भाताच्या चुलीत टाकलं. एवढासा धूर झाला. "नातीचं लग्न व्हावं असं मनात नसेल तर तसं सांगा. आम्ही बुधला घेऊन घरी जातो."

नवऱ्याकडची माणसं उठायला लागली. नातीनं आजोबांकडं बघितलं. रडत नव्हती, नुसती बघत होती, ते रडण्यापेक्षा वाईट.

बुवा बोलणार, तेवढ्यात भिंगरी मध्ये आली. "बसा मंडळी. बुवांचं वय झालं, हात चुकला. दुसरं करतील." आणि बुवांना धरून मांडवाच्या मागं घेऊन गेली.

"बुवा," ती म्हणाली, "ती जास्तीची रेघ."

बुवांनी हात बाहीत घातले.

"तुम्ही आत वळवायचा आणि उलगडायचा. म्हणून रेघ. म्हणून खोकला."

"हो."

"तीस वर्षं मी पोरांना खोकायला लावतेय."

"मी आत जाऊन खरं सांगतो."

"सांगा की. जोडप्याजोडप्याला सांगा, तुमचं लग्न लागलंच नाही. या गावात माझ्या फुलपाखरांवर साडेचारशे लागलीत, माझं धरून. नवरदेवाच्या आईबापापासून सुरुवात करा. मग बघू तुमच्या नातीला कोण नेतं ते."

बुवांनी खाली बघितलं. साडेचारशे घरं, त्यांतली पोरंबाळं, आणि हे एकाच बेटावरचं एक गाव.

"मग तू करून दे."

"घरात हात असताना परक्याचा चालत नाही. हेही तुम्हीच शिकवलंत, आणि हे मात्र खरं होतं. चला. बसा. मी सांगते तसं करा."

सगळ्यांच्या देखत बुवा चटईवर बसले, समोर भिंगरी. पहिला कागद घेतला. सहा घड्या सुरेख. सातवी आली आणि बोटं आत वळली. कागद गेला. दुसरा घेतला, बोटं पुन्हा आत. बुवांनी हात बाहीत घालायला बघितलं तर भिंगरी म्हणाली, "उलगडलेलं नको. रेघ दिसते. आजींची नजर बारीक आहे." तिसराही गेला. मांडवाच्या खांबाची सावली लांब होत चालली होती. मागं कुणीतरी म्हणालं, "बिचारा. एकेकाळी म्हणे चांगला होता."

चौथ्या कागदाला भिंगरीनं बुवांचं बोट आपल्या बोटात धरलं, लहान पोराचं धरतात तसं, आणि सातवी घडी बाहेर वळवून घेतली. पंख खाली पडले.

"खोकायचं राहिलं," ती म्हणाली.

बुवा खोकले. मंडळींनी मान डोलावली. फुलपाखरू बुधल्याला बांधलं, नवरानवरीनं घोट घेतले, लग्न लागलं. नात सासरी गेली आणि सुखात राहिली, तिच्याबद्दल अजून सांगण्यासारखं काही नाही.

बुवांचं मात्र सांगण्यासारखं आहे. लोकांना त्यांची कीव आली. प्रत्येक लग्नाला मान म्हणून फुलपाखरू करायला बुवांनाच बोलवायला लागले. बुवांना नाही म्हणायची सोय नव्हती, आणि बोट पुन्हा चुकलं तर काय, या धास्तीनं ते घरी बसून रोज खोटी फुलपाखरं करायचे. दहा, वीस, पन्नास. बायको ती केरात भरायची.

दोन वर्षांनी भिंगरी आली. कोरा कागद पुढं ठेवला आणि म्हणाली, "बुवा, आता कुणी बघत नाही. एकदाच खरं करून दाखवा. लग्नात नाही लावणार. नुसतं कुणाला तरी यायला हवं."

बुवांचे डोळे भरले. त्यांनी दार लावलं नाही, उलट बायकोलाही हाक मारून बसवलं. कागद घेतला. पहिली घडी, दुसरी, सहावी. सातवी आली. बोटं बाहेर वळली.

बुवांनी कागद टाकला, दुसरा घेतला. बोटं बाहेर वळली. तिसऱ्याला ते थांबले, डोळे मिटले, बाप कसा करायचा ते आठवायला लागले. बाप दिसला, बापाचे हात दिसले, हातातली घडी काही दिसेना. आत म्हणजे किती आत, कुठल्या कोपऱ्यातून, दाबायची आधी की वळवायची आधी. संध्याकाळपर्यंत त्यांनी सारा गठ्ठा संपवला. भिंगरीनं आपल्या परीनं दहा तऱ्हांनी वळवून बघितलं. पंख थोडे वर यायचे आणि हात काढला की पडायचे.

"चुलीत गेलं ते तरी उलगडून बघितलं असतं," भिंगरी म्हणाली.

बायको कागद गोळा करत होती. तिनं विचारलं, "होतं कसं ते? मी त्या दिवशी भात बघत होते."

बुवांना सांगता आलं नाही. त्या बेटावर अजून लग्नं लागतात, पंख पडलेली फुलपाखरं बांधून, आणि सातव्या घडीला सगळे खोकतात. का खोकतात ते कुणाला ठाऊक नाही.

मुलांना जे खोटं शिकवाल, ते ती खऱ्यासारखं जपतील आणि खरं तुमच्याच हातून जाईल.

कळलं असेल तर बरं, नसेल तर दुसऱ्याला विचारा. माझे पाय आखडलेत. जा आता.