आवडूची फट

हा बंधारा बघताय ना? दगडमातीचा आहे, दरवर्षी पौषात आम्ही गावकरीच घालतो. डाव्या काठाला ती हातभर फट दिसते, तिला हसू नका. शहाणी माणसं येतात आणि विचारतात, एवढीशी फट बुजवत का नाही? बसा, सांगते.

फार पूर्वी, म्हणे, इथल्या खोताला आपल्या पोफळीच्या बागेसाठी हा ओढा पुरता अडवायचा होता. बांधाचा चिखल तुडवायला आवडू नावाची, घाडी जातीची एक बाई होती; तिचं घर खोताच्याच जमिनीत होतं. डाव्या काठाच्या बिळात पाणमांजरांचं कुटुंब राहतं, हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती. आई पिल्लांना मानगुटीला धरून पोहायला शिकवायची, बाप पहाऱ्याला असायचा, आणि आदल्या वर्षीची पोरं धाकट्यांसाठी मासे आणायची. त्या साली पिल्लं नुकतीच झाली होती, त्यांचे डोळेही उघडले नव्हते. बांध पुरा झाला असता, तर पाणी बिळात चढून ती आतच बुडाली असती.

शेवटचा दगड बसवायच्या वेळी आवडू त्या फटीत जाऊन बसली. कमरेपर्यंत गार पाणी. खोत म्हणाला, ऊठ, नाहीतर घराबाहेर काढीन.

"काडा," आवडू म्हणाली. "माजा घर मोडलात तर दुसरा बांदीन. ह्या पिल्लांका खंय नेव?"

एकही गडी दगडाला हात लावेना. तेव्हा खोताने स्वतःच तो उचलला.

"ठेवू?"

"नाय."

असं तीनदा झालं. सांगतात, दर 'नाय'ला दगड जड होत गेला. पाणमांजरं आवडूच्या भोवती माना वर काढून खोतावर फिस्कारत राहिली, एकही पळालं नाही. तिसऱ्या 'नाय'ला दगड त्याच्या हातून सुटून काठावर पडला. तो बघा, तिथेच आहे. मेल्याने तिचं घर मात्र काढून घेतलंच. आवडूने ह्याच काठावर झोपडं बांधलं आणि मरेपर्यंत राहिली.

आजही बांध झाला की खोताच्या घरचा पुरुष तो दगड उचलतो. फटीत गावातली एक बाई बसलेली असते. त्याने तीनदा विचारायचं, तीनदा 'नाय' ऐकायचं आणि दगड होता तिथे ठेवायचा. पाणी हातभर कमी साठतं, वरच्या वाफ्यांना पोचत नाही. न पोचू दे!

यंदा बसायची पाळी माझी आहे. सत्तरी ओलांडली, तोंडात एक दात उरला नाही. पण 'नाय' म्हणायला दात लागत नाहीत.