उलटी झोपणारी आई

मुलांनो, नदीकाठच्या एका जंगलात, उंच चिंचेच्या झाडावर एक वानरी राहत असे. स्वभावाने भारी चौकस! दिसेल त्याला हात लावल्याशिवाय तिला चैनच पडायचं नाही. नुकतंच तिला पिल्लू झालं होतं आणि ते सदानकदा तिच्या पोटाला बिलगलेलं असायचं.

एकदा भर दुपारी तिला शेंड्याजवळ एक वटवाघूळ झोपलेलं दिसलं. पाय वर, डोकं खाली. आणि पोटाला चिकटून एक पिल्लू चुटुचुटु दूध पीत होतं! "अगं बाई, ही तर माझ्यासारखीच आई!" वानरीने हळूच तिचा पंख उलगडला. आत लांबच लांब बोटं. तिने स्वतःची मोजली, मग तिची मोजली. इकडे पाच, तिकडेही पाच! "मग वाघूळताई, तू अशी उलटी का गं लटकतेस? लेकराला घेरी नाही का येत?"

वाघूळबाईने अर्धा डोळा उघडला. "त्याचं असं आहे..." ती जांभई देत म्हणाली. पण वानरीला कुठला धीर! तिने मायलेकरांना अलगद सोडवलं, खाली नेलं आणि पाचोळ्यावर डोकं वर करून ठेवलं. "आता कसं, बरं वाटतंय ना?"

इतक्यात झुडपातून एक मुंगूस बाहेर आलं. "ऊड, ऊड!" वानरी ओरडली. वाघूळबाईने पंख आपटले, पण तिला जमिनीवरून उठताच येईना. "माझ्या पायांत उडी मारायचं बळ नाही गं! उंचावरून खाली सुटले, तरच मी उडते. मला वर टांग!" मुंगूस धावून आलं, तोच वानरीने दोघांना उचललं, सरसर शेंडा गाठला आणि वाघूळबाईचे पाय फांदीला लावले. वाघूळबाईने पकड सोडली. ती दगडासारखी खाली आली! वानरीने डोळे गच्च मिटले. उघडून पाहते तर काय, वाघूळबाई पिल्लाला घेऊन झाडाभोवती मजेत घिरट्या घालत होती.

परत येऊन ती उलटी लटकली, तेव्हा वानरी ओशाळून म्हणाली, "चुकलंच माझं. प्रश्न विचारला, पण उत्तर ऐकायला थांबले नाही."

"मग आता विचार," वाघूळबाई हसून म्हणाली. वानरीने विचारलं आणि या वेळी दोन्ही हात मांडीवर ठेवून ती गप्प बसली.

तात्पर्य : दुसऱ्याची रीत आपल्याला उलटी वाटली, तरी ती सुधारायला जाण्याआधी तिचं कारण नीट ऐकून घ्यावं.