गव्याचं ऊन

सह्याद्रीत माणसाची वाट पोचली नव्हती, तेव्हा तिथे साळिंदरबुवा वैद्यकी करायचे. त्यांच्याजवळ एक स्फटिकाचा मणी होता; त्यातून छातीवर ऊन पाडलं की आतलं काळीज दिसायचं.

"गव्याला शंभर मोजेपर्यंत ऊन लागतं, म्हणून खारीलाही तेवढंच. माझ्याकडे दुजाभाव नाही," असं ते अभिमानाने सांगायचे.

एकदा छातीत धडधडतं म्हणून खार आली. शंभर मोजून होईपर्यंत तिची लव करपली.

"काळीज दिसलं का, बुवा?" तिने कळवळत विचारलं.

"ते पाच मोजतानाच दिसलं. नुसतं घाबरलंय, काढ्याने निवेल."

"मग पुढचं ऊन कोणासाठी होतं?"

बुवा काढा देत होते. गव्याला ते घागरभर द्यायचे, खारीला थेंबभर. तो थेंब पानावर पडला आणि बुवांचा हात तिथेच थांबला.