तांबडमाळावरचा अर्धा मणी

या माळाला तांबडमाळ म्हणतात, ते मातीमुळे नव्हे. जरा वाकून पाहा मंडळी, पायाखाली हे लाल तुकडे आहेत ना, ते अकीक दगडाचे टवके. फार पूर्वी इथे मणी घडवणाऱ्यांची वस्ती होती, असे सांगतात. समोरचा ओटा नागाईचा, त्याच वस्तीतल्या एका बाईचा. त्यावर मूर्ती नाही, उगीच शोधू नका.

अकीक शेणाच्या आगीत भाजला की लाल होतो. मग दोरीच्या गिरमिटाने भोक पाडायचे. एकाच बाजूने आरपार गेले तर दुसऱ्या तोंडाशी टवका उडतो, म्हणून दोन्हीकडून पाडून मध्ये मिळवायचे. या लोकांत लग्नानंतर एक मणी जोडप्याने मिळून घडवायचा, एक बाजू त्याची, एक तिची. पुरा झाला की तो बायकोच्या गळ्यातल्या लग्नाच्या पोतीत मधोमध ओवत. नवरा मेला की पोत तोडून मणी माळावर टाकत.

नागाईच्या नवऱ्याने, हरबाने, आपली बाजू पाडली आणि तांड्याबरोबर मणी विकायला तो बंदराकडे निघाला. "तुझी बाजू मी आल्यावर पाड," तो म्हणाला. "मला बघायचंय."

तांडा परतला, हरबा परतला नाही. घाटात तापाने मागे राहिला, एवढेच सोबती सांगत. वर्ष उलटले तशी तिची थोरली जाऊ कोंडाई पोत तोडायला आली.

"मेलेला कुणी पाहिला का?" नागाईने विचारले. कुणी पाहिला नव्हता. "मग माझा मणी अजून अर्धा हाय. अर्ध्या मण्याची पोत तोडायची रीत हाय का आपल्यात?"

रीत नव्हती. "मग बस अशीच," म्हणून कोंडाई माघारी गेली, आणि वस्तीने तिचा शब्द पाळला. सवाष्ण म्हणावी तर नवरा नाही, म्हणून हळदीकुंकवाला नागाईला बोलावीनात. विधवा म्हणावी तर गळ्यात पोत, म्हणून रडायला कुणी जवळ बसेना. बायका हसत-बोलत यायच्या आणि तिच्या अंगणाशी आल्या की गप्प व्हायच्या, म्हणे. मला विचाराल तर त्यापेक्षा माणसाला उपाशी ठेवलेले बरे.

म्हातारपणी तिला ते सोसवेना. आपली बाजू पाडली की मणी पुरा होईल, पोत तुटेल, निदान चार बायका जवळ बसून रडतील. या आशेने तिने गिरमिट धरले. भोक निम्म्यावर गेले, त्याच्याही पुढे गेले, तरी मिळेना. हरबाचे भोक तिरके गेले होते. दोन्ही भोके एकमेकांच्या शेजारून गेली आणि मध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढा दगड राहिला. जोर लावला असता तर मणी फुटला असता. "कामाला कधी सरळ नव्हताच मेला," ती म्हणाली आणि खूप हसली, असे सांगतात. जवळ कुणीच नव्हते, तर हे ऐकले कुणी, असे मला विचारू नका.

तिने गिरमिट खाली ठेवले. पुढे ती गेली, ती पोत गळ्यात असतानाच. देहाला कुंकू लावायचे की नाही, कुणाला ठरवता येईना. शेवटी कोंडाईच काठी टेकत पुढे झाली. तिने नागाईचा मळवट भरला आणि धाय मोकलून रडली.

"हाकेवर घर हिचं," ती म्हणाली, "आन् मी एकदाबी हाक मारली न्हाई." तिथेच तिने साऱ्या वस्तीला शपथ घातली.

आजही आमच्या गावात संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे पहिले बोलावणे, जिच्या माणसाचा ठावठिकाणा नाही तिच्या दारी जाते. गावातली सर्वांत थोरली सवाष्ण स्वतः जाते. माझा मुलगा कामासाठी परमुलखात गेला, पुढे त्याचा फोन लागेनासा झाला. यंदा पहिले बोलावणे आमच्या दारी आले. सून नवी साडी नेसून गेली, मीच तिला जा म्हणालो. मग घरात मी एकटा राहिलो. बापाला बोलवायची रीत आमच्याकडे नाही.